मी भाकरी केले

गेल्या वर्षी नाताळच्या आधी एका संस्थेने भरवलेल्या आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत आमच्या धर्मग्रामातील वसतिगृहाची सातवीतील एक मुलगी बोलली. ती उमरग्याच्या पलीकडची, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या गावची. विषय होता 'माझा दिवस'. तिने पाठ केलेले भाषण केले नाही, घरचे सांगितले. त्यातील एक वाक्य आमच्या कानात अजून आहे: "मी पहाटे उठले, भाकरी केले, भावाला आंघोळ घातले आणि मग शाळेला आले." सभागृहात मागच्या रांगांतून हसू फुटले. तीन परीक्षकांपैकी दोघे गंभीर राहिले, तिसऱ्यांनी मान खाली घातली, परंतु खांदे हलत होते. निकालानंतर गुणपत्रिका हाती आली, तिच्यावर लाल शाईने लिहिले होते: 'आवाज चांगला. आशय बरा. लिंगज्ञान नाही.'

या शेवटच्या दोन शब्दांशी आमचे भांडण आहे. ते कोणा एका परीक्षकाशी नाही. ते गृहस्थ सज्जन आहेत, आणि त्यांच्यासारखे शेकडो सज्जन आमच्या जिल्ह्यातील शाळांतून, स्पर्धांतून आणि (हे आम्ही ओशाळून लिहितो) आमच्या वेदीजवळच्या वाचनमंचावरूनही हाच निवाडा रोज देत असतात.

लिंगज्ञान नाही म्हणजे काय? भाकरी स्त्रीलिंगी आहे हे त्या मुलीस ठाऊक नाही, असा आरोप. परंतु त्याच भाषणात दोन वाक्यांनंतर ती म्हणाली होती, "एक भाकरी करपली." 'करपले' म्हणाली नाही. भाकरीचे लिंग तिला आमच्या परीक्षकांइतकेच, किंबहुना अधिक ठाऊक आहे, कारण ती रोज भाकरी थापते. तिच्या 'भाकरी केले' मधला 'ले' हा भाकरीचा नव्हेच. तो तिचा स्वतःचा आहे. 'मी उठले' मध्ये जो 'ले', 'मी आले' मध्ये जो 'ले', तोच 'मी भाकरी केले' मध्ये. तिच्या वाक्यात क्रियापदे चार आहेत आणि चारही तिच्याशी जुळतात. तिच्या भावाने हेच वाक्य उच्चारले असते तर 'मी उठलो, भाकरी केलो, आलो' असे म्हटला असता. चूक म्हणायचीच असेल तर ती प्रयोगाची म्हणा. लिंगाशी तिचा काही संबंध नाही. रोगाचे नावच चुकले तर वैद्याच्या औषधाचे काय सांगावे!

आता ज्यांना शाळेतील व्याकरण विसरून तीस-चाळीस वर्षे झाली अशा वाचकांसाठी थोडे विस्ताराने. कर्म म्हणजे क्रिया ज्याच्यावर जाऊन पोहोचते ते. पाणिनीने त्याचे वर्णन फार सुंदर केले आहे: कर्त्याला आपल्या क्रियेने जे सर्वांत अधिक गाठायचे असते ते कर्म, असा त्याच्या सूत्राचा आशय. वर्तमानकाळी मराठी कर्म गरीब असते: 'मी भाकरी खातो', 'मी आंबा खातो', क्रियापद कर्त्याचे. परंतु भूतकाळ आला की पारडे फिरते. 'मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी फळ खाल्ले.' खाणारा तोच, परंतु क्रियापद आता खाल्लेल्या वस्तूकडे पाहून आपले रूप ठरवते. हाच कर्मणी प्रयोग. प्रमाण मराठीत त्या मुलीचे वाक्य असे व्हावे: 'मी उठले, भाकरी केली, भावाला आंघोळ घातली आणि शाळेला आले.' पाहा, पहिले क्रियापद मुलीचे, दुसरे भाकरीचे, तिसरे आंघोळीचे, चौथे पुन्हा मुलीचे. आपल्याला सवय आहे म्हणून हे सरळ वाटते. परक्या माणसाला शिकवून पाहा, तो घामाघूम होईल. मुलीच्या वाक्यात मात्र एकच नियम पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत चालतो.

कोणी म्हणेल, नियम तिचा असेल, मराठीचा नव्हे. तर मग प्रमाण मराठीचेच घर उघडून पाहू. 'मी पाणी प्यालो.' पाणी कर्म नव्हे काय? मग 'प्याले' का नाही? 'मी मराठी शिकलो', 'मी तुझे नाव विसरलो', 'ती नऊवारी नेसली', ही सगळी सकर्मक वाक्ये आहेत. यांतील क्रियापदे कर्माला न विचारता कर्त्यामागे चालतात, आणि पुण्यातला कोणताही पंतोजी त्यांना हसत नाही. 'म्हणणे' या धातूची तर गंमतच आहे: 'त्याने गाणे म्हटले', परंतु 'तो काय म्हणाला?' एकाच क्रियापदाने दोन घरे केली आहेत. 'तू भाकरी खाल्लीस' हे वाक्य घ्या. त्यातील 'ली' भाकरीची आणि शेवटचा 'स' तुझा. क्रियापद एकाच वेळी दोघांचे बोट धरून उभे आहे, आणि वैयाकरणांनी त्यास कर्तृ-कर्म संकर असे भारदस्त नाव देऊन पदरात घेतले आहे. संकर चालतो, अपवाद चालतात, सीमेवरच्या मुलीचा सरळ नियम तेवढा चालत नाही.

यातही 'मी' आणि 'आम्ही' या शब्दांचा वाटा मोठा आहे. 'रामाने भाकरी खाल्ली' येथे 'ने' लावून भाषा सांगते की क्रियापद रामाच्या ताब्यात नाही. 'मी' ला तसा प्रत्यय उरला नाही. जुन्या मराठीत 'म्यां' होते, ते गेले. आता 'मी जातो' मधला 'मी' आणि 'मी खाल्ली' मधला 'मी' दिसायला एकच. कर्ता जर प्रथमेत उभा दिसतो, तर क्रियापदाने त्याच्याशी जुळावे असे बालबुद्धीला वाटले, यात बुद्धीचा दोष नाही. उलट ती बुद्धी चालते आहे याचा हा पुरावा.

शुद्धतेचा वाद घालणारांना संस्कृतचा फार आधार वाटतो. तोही पाहू. संस्कृतात 'अहं ग्रन्थम् अपठम्' असे म्हणत, तेव्हा क्रियापद 'मी'शीच जुळत होते. पुढे लोक 'मया ग्रन्थः पठितः' अशा कर्मणी रचनेकडे वळले. त्या भूतकालवाचक धातुसाधितापासून प्राकृतांतून उतरत आपला 'ला-ली-ले' चा भूतकाळ आला, आणि म्हणूनच तो कर्माशी जुळतो. म्हणजे ज्या रचनेला आज आपण मूळ आणि शुद्ध समजतो, ती एके काळी नवीच होती. मग हीच वाट उलट दिशेने चालून गेलेली भाषा कोणती? बंगाली. तिचाही भूतकाळ अशाच 'ल' चा, आणि प्राचीन बंगालीत क्रियापद कर्माशी जुळत असे. आज बंगाली माणूस 'आमि भात खेलाम' म्हणतो, त्यातील 'लाम' हा 'मी'चा आहे, भाताचा नव्हे. म्हणजे रचना आमच्या उमरग्याच्या मुलाचीच. त्याच भाषेत लिहिणाऱ्या रवींद्रनाथांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या गुणपत्रिकेवर लाल शाई कोणी सांडल्याचे ऐकिवात नाही.

आता आमच्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग नळदुर्गावरून उमरग्याला येतो आणि पुढे कर्नाटकात शिरतो. तुळजापूरच्या यात्रेला कानडी मुलखातून माणसे लोटतात. बाजार एक, सोयरिकी दोन्हीकडच्या, आणि पुष्कळ घरांत आजी कानडी बोलणारी. कानडीत 'नानु रोट्टि तिंदे' म्हणजे 'मी भाकरी खाल्ली'. तेथे क्रियापद सदैव कर्त्याचे, 'ने' सारखा प्रत्यय नाही, भूतकाळात फिरणारे पारडे नाही. शिवाय हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. येथल्या मुसलमान शेजाऱ्यांची दखनी ऐका: 'मैं रोटी खाया.' दिल्लीची उर्दू 'मैंने रोटी खाई' म्हणते, दखनीने 'ने' टाकला आणि क्रियापद कर्त्याकडे वळवले. म्हणजे एकाच चौकात कानडी, दखनी आणि आमची मराठी उभ्या आहेत. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींशी बोलून त्यांनी वाक्याची एक समाईक घडण बसवली. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी अशा घडणीचा अभ्यास जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी करून १९७१ साली प्रसिद्ध केला, आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांतून तो आजही शिकवला जातो. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण केले. त्यातही भूतकाळी सकर्मक वाक्यात क्रियापद कोणाशी जुळते हा तपासण्याचा एक मुद्दा होता. विद्वान मंडळी ज्यासाठी ध्वनिमुद्रण यंत्रे घेऊन गावोगाव फिरतात, त्याला आम्ही स्पर्धेत हसतो.

आम्ही जन्माने वसईचे. कादोडी बोलीत वाढलो. सेमिनरीत पहिल्या वर्षी आमच्या उच्चारांवर मोठी मुले हसत, तेव्हा रात्री उशीत तोंड खुपसून आम्ही प्रमाण मराठीची वाक्ये घोकली होती. वाटावे की असा माणूस पुढे कोणाला हसणार नाही. परंतु अनुभव उलटा आहे. ज्याला घासून गुळगुळीत केले जाते, तो पुढे स्वतःच कानस होतो. या जिल्ह्यात आल्यावर पहिल्याच वर्षी रविवारच्या मिस्सेत एक वयस्क धर्मशिक्षक, ज्यांना सगळे गाव तात्या म्हणे, श्रद्धावंतांच्या प्रार्थना स्वतःच्या शब्दांत म्हणाले. त्यात ते म्हणाले, "देवा, आम्ही तुझी आज्ञा मोडलो." मिस्सा संपल्यावर आम्ही त्यांना बाजूस घेतले आणि 'मोडलो' नव्हे, 'मोडली' म्हणावे, आज्ञा स्त्रीलिंगी आहे, असे समजावले. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पुढच्या रविवारी वाचनमंचाकडे बोट केले तर म्हणाले, "फादर, आमचं बोलणं गावठी. तुम्हीच म्हणा." त्यानंतर ते पाच वर्षे जगले. मंचावर पुन्हा चढले नाहीत. त्यांच्या जागी आम्ही छापील पुस्तकातील प्रार्थना सुरू केल्या. त्यांत कर्म आणि क्रियापद यांची जुळणी निर्दोष होती, आणि लोक मागे बसून जांभया देत.

म्हणून त्या परीक्षकांवर आम्ही दगड उचलत नाही. लाल शाई आमच्याही खिशात होती.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे आम्ही टाळत नाही. एका मुख्याध्यापकांनी आम्हांस परखडपणे विचारले, "फादर, उद्या ही मुलगी मुलाखतीला गेली आणि 'मी अर्ज केले' म्हणाली, तर तिला नोकरी तुम्ही देणार?" प्रश्न रास्त आहे. लेखी मराठी सर्वांची एक असावी, हेही रास्त आहे. चिपळूणच्या आणि उमरग्याच्या मुलाला एकच क्रमिक पुस्तक वाचता आले पाहिजे. परंतु यावरून एवढेच निघते की प्रमाण रचना शिकवावी. घरची रचना ही अज्ञान आहे असे सांगून शिकवावी, हे निघत नाही. आणि तसे शिकवल्याने ती शिकलीही जात नाही. त्या मुलीला 'भाकरी स्त्रीलिंगी आहे' असे शंभरदा सांगा, ती शंभरदा 'हो' म्हणेल आणि पुन्हा 'भाकरी केले' म्हणेल, कारण जे तिला ठाऊक आहे तेच तुम्ही सांगत आहात. तिला सांगायला हवे ते वेगळेच: बाळ, तुझ्या बोलीत क्रियापद करणाऱ्याशी जुळते, पुस्तकात भूतकाळी ते केलेल्या वस्तूशी जुळते. हे एकदा कळले की काम आठवड्याचे आहे. आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी लिहून पाहिली. चौथीतल्या एका पोराने उठून सांगितले, "फादर, पुस्तकातला माणूस भाकरीला घाबरतो." याहून सोपी व्याख्या आम्हांस अजून सापडलेली नाही.

शाळेत मात्र काय शिकवतात? 'क्रियापदाला काय किंवा कोणाला असे विचारा, उत्तर येईल ते कर्म.' मग पोर 'मला ताप आला' या वाक्याला 'कोणाला?' विचारते, 'मला' हे उत्तर येते, आणि ते 'मला' च्या खाली कर्म म्हणून रेघ ओढते. असल्या कुबड्या देऊन आपण व्याकरण शिकवतो आणि मग बोलीला लंगडी म्हणतो. शुद्धलेखनाचा हवाला देणारे तर हे विसरतात की महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ चे पुढचे चार हे ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सामान्यरूप अशा लेखनाच्या बाबींविषयी आहेत. क्रियापदाने कर्माशी जुळावे की कर्त्याशी, हा त्यांचा विषयच नाही.

आणि कर्मावरून कान टवकारायचेच असतील, तर त्यासाठी प्रमाण मराठीतच जागा आहे. आपल्या भाषेची एक सूक्ष्म रीत अशी की कर्म निर्जीव असेल तर ते बहुधा उघडे राहते, 'घर पाहिले', 'गाडी पाहिली'. परंतु ओळखीचे, नावाचे माणूस कर्म झाले की त्याला 'ला' लागतो: 'मी आईला पाहिले.' 'आई पाहिली' असे सहसा कोणी म्हणत नाही. आता सोयरिकीच्या बैठकीतील वाक्य आठवा: 'आम्ही मुलगी पाहिली.' 'ला' कोठे गेला? जेथे घर, गाडी आणि म्हैस पाहिली जाते, तेथे त्याच रांगेत, त्याच उघड्या रूपात मुलगीही पाहिली जाते. प्रयोग निर्दोष कर्मणी, जुळणी अचूक, लाल शाईला वाव नाही. तसेच आमच्या कळंब, भूम, वाशीकडच्या ऊसतोडीच्या व्यवहारात 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. 'मुकादमाने वीस कोयते आणले' म्हणजे चाळीस माणसे आणली, आणि त्यांच्या मागे किती पोरे आली ते त्या शब्दात मोजले जात नाही. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. वर्तमानपत्रांतून, सभांतून आणि आमच्या समाजाच्या लग्नांतून अशी वाक्ये रोज बोलली जातात, आणि मागच्या रांगेत कोणी हसत नाही.

व्याकरण लिहिण्याचे काम आमच्या परंपरेत नवे नाही, म्हणून थोडे घरचेही सांगतो. 'ख्रिस्तपुराण' रचणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडातून गोव्यात आले, १६१९ साली वारले, आणि त्यांचे कोकणीचे व्याकरण १६४० साली रायतूर येथे छापले गेले. भारतीय भाषेचे छापील व्याकरण म्हणून ते पहिले मानले जाते. परक्या भाषेत आलेल्या माणसाला ऐकण्यावाचून गत्यंतर नसते. येथली माणसे कशी बोलतात ते ऐकल्याशिवाय त्यांना एक पानही लिहिता आले नसते. पुढे १८०५ साली विल्यम कॅरे यांनी श्रीरामपुराहून मराठीचे व्याकरण काढले, १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे आले, १९११ साली मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. यांपैकी कोणी क्रियापदे बनवली नाहीत, ती त्यांना लोकांच्या तोंडी सापडली. कोणाच्या तोंडी सापडली, हाच काय तो प्रश्न. ती तोंडे पुण्या-मुंबईची असती तर 'मी भाकरी खाल्ली' नियम ठरणार आणि 'खाल्लो' अशुद्ध. त्यांनी नळदुर्गाच्या वेशीवर मुक्काम ठोकला असता तर कदाचित आज 'खाल्ली' म्हणणाऱ्या पोरांना आम्ही हसत असतो.

जानेवारी २०२० मध्ये त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या याच शहरात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरले आणि अध्यक्षस्थानी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एक कॅथलिक धर्मगुरू मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर, तेही आमच्या दारी! आमच्या माणसांचा ऊर भरून आला होता. फादर २०२४ साली गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि शाळाशाळांतून पेढे वाटले गेले. ते पेढे आमच्या वसतिगृहातल्या त्या मुलीनेही खाल्ले असतील. 'मी पेढा खाल्ले' असे तिने घरी सांगितले असेल, आणि आजीला ते नीट कळलेही असेल.

यंदाची नाताळची स्पर्धा आमच्या धर्मग्रामाकडे आहे. गुणपत्रिकेतील 'भाषाशुद्धी : १० गुण' हा रकाना आम्ही काढला असून त्या जागी 'स्वतःचे सांगितले काय' असा रकाना घातला आहे. प्रमाण मराठीत बोलणारांनाही तो तितकाच खुला आहे. दोघा परीक्षकांनी येण्यास नकार कळवला. एकांनी पत्रात लिहिले आहे की, या निर्णयाने मराठीची हानी करण्यात येत आहे. करणारे आम्ही आहोत, हे त्यांनी स्पष्ट लिहिले असते तरी आमची हरकत नव्हती. मुलीकडे नाव द्यायला माणूस पाठवला आहे. ती अजून 'बघू' म्हणते.